काट्यावरची रांग

खेळ विक्रीतून काढून घ्यायचं बटण लाल होतं. कळस गावातल्या घरी, ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन सोनल त्याच्याकडं बघत बसली होती. बोट उचलायचाही तिला कंटाळा आला होता.

उसाची ट्रॉली भरायची, ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायचा, काट्यावर वजन करायचं आणि रिकामी ट्रॉली घेऊन माघारी यायचं, एवढाच तिचा खेळ. पुण्यातली नोकरी सोडून तो बनवायला घेतला आणि अर्धा झाल्यावर 'अर्ली ॲक्सेस'मध्ये विकायला ठेवला. म्हणजे कच्चाच घ्या, खेळा, चुका सांगा. तिनं वरतीच लिहिलं होतं : खेळ अर्धा आहे. पाऊस पडत नाही, रात्र होत नाही, काट्यावर माणूस अजून बसवलेला नाही. पण वाचतो कोण? हुरडा खायला यायचं आणि भाकरी कुठंय म्हणून भांडायचं, अशातली गत.

आजच्या शिव्या मात्र रास्त होत्या. 'ट्रॅक्टर काट्याच्या रांगेत अडकतो. तासभर थांबलो, रांग हलत नाही. पैसे परत करा.' एकानं नाही, सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. माणूस नसला तरी गाड्या आपोआप पुढं सरकायला हव्या होत्या. आपणच अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालो, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

विकायच्या आधी खेळ तपासला होता तो तिच्या वडिलांनी. रावजींनी महिनाभर फोनवर खेळून निकाल दिला होता, "झ्याक चाललंय."

तेवढ्यात धारेची बादली घेऊन तेच गोठ्यातून आले.

"तात्या, ट्रॅक्टर काट्याच्या रांगेत अडकतोय. तुमाला दिसलं न्हाय?"

"दिसलं की."

"मग सांगितलं का न्हाय?"

"त्यात काय सांगायचं?" रावजींना खरंच कळेना. "हंगामात रांग आसतीच. मी आपली गाडी लावायचो, फोन ठिवायचो आन् म्हशीकडं जायचो. नंबर लागंल तवा लागंल."

सोनलला हसू यायला हवं होतं, पण तेवढं बळ उरलं नव्हतं. "जाऊ द्या," ती म्हणाली. "आज बंदच करून टाकते. पुण्याला जाते माघारी. दमले मी, तात्या."

बादली खाली ठेवून रावजींनी खिडकीत चार्जिंगला लावलेला फोन काढला आणि तिच्यापुढं धरला. रांगेत सगळ्यात मागं त्यांचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत काठोकाठ ऊस.

"सकाळधरनं लावलाय," ते म्हणाले. "बंद नगं करू. लायनीतनं गाडी काढली की नंबर जातो."

"पण तात्या, काट्यावर माणूसच न्हाय."

रावजींनी फोन पुन्हा चार्जिंगला लावला, बादली उचलली आणि आत जाता जाता म्हणाले, "जेवाय गेला आसंल. यील."