एका वेळी एकच दुरुस्ती

लेकीचा, फरहानाचा निकाह ठरला त्या वर्षी दादामियाँ संगणकातली दुरुस्ती शिकले.

येडशीजवळच्या त्यांच्या गावात डेअरीवर दूध मापायचं काम त्यांचं. अक्षरं पन्नाशीनंतर गिरवलेली, म्हणून वाचताना ओठ हलायचे. मापाचा प्रोग्रॅम त्यांच्याच लेकानं, तौसिफनं लिहिलेला. इंटरनेटवर तौसिफचा मूळ प्रोग्रॅम होता, त्या भांडारात पुष्कळ दुरुस्त्या होत्या. डेअरीतली नक्कल मात्र जुनीच राहिली होती. फरहानानं त्या नकलेच्या दोन शाखा, म्हणजे दोन वेगळ्या प्रती केल्या. एकीत भावाचं जसंच्या तसं. दुसरीत डेअरीनं स्वतः केलेले बदल. तौसिफच्या भांडारातली, म्हणजे 'वरची' दुरुस्ती आधी पहिलीत उतरवायची, तपासायची, मगच दुसरीत मिसळायची.

"आणि नाव बदलायचं न्हाय," फरहाना म्हणाली. "मिसळलं तुम्ही, तरी ज्यानं केलं त्याचंच नाव राहतं."

"हे बेस हाय," दादामियाँ म्हणाले.

संध्याकाळचं दूध गेलं की बाप-लेक संगणकापुढं बसायची. प्रत्येक दुरुस्तीवर तौसिफनं दोन ओळी लिहिलेल्या असत. दादामियाँ बोट ठेवून वाचायचे. 'फॅटचा आकडा मध्येच अडकायचा. अब्बांच्या म्हशीची शपथ, आता अडकणार नाही.'

"गाढव! म्हशीला कशाला मधी घेतो?" डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले.

"खाली तारीख बघा, अब्बा. जुनी हाय."

"असू दे."

एकदा सेक्रेटरी श्रीशैल खुर्ची ओढून बसला. "चाचा, सगळं एकदम ओढून घ्या की. लग्नाआधी झालं न्हाय तर कंपनीचा तयार प्रोग्रॅम बसवायचा, असं मीटिंगीत ठरलंय. पोरगी सासरी गेल्यावर कुणाला विचारणार तुम्ही?"

"एकदम घेतलं आन् मोडलं, तर कुठं मोडलं ते कसं कळंल? ताकाचं पातेलं हाय व्हय, उपडं करायला?"

श्रीशैल हसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. दादामियाँचं मन मात्र थाऱ्यावर राहिना. लेकाचा प्रोग्रॅम काढून तिथं दुसरा कुणाचा बसलेला त्यांना बघवला नसता. तरीही घाई त्यांनी केली नाही. दिवसाला एकच दुरुस्ती, ती पण चवीनं.

जेवताना त्यांची बायको सकिनाबी विचारायच्या, "आज काय निघालं त्याचं?"

"पावती दोनदा छापायची. बंद केलंय."

"घड्याळाचं बी असंच करायचा. आधी खोलायचा, मग जोडायचा."

"जोडायचा तर खरा!"

दोघं हसायची, आणि भाकरी अंगाला लागायची.

मेंदीच्या आदल्या संध्याकाळी दादामियाँनी फरहानाला हातच लावू दिला नाही. स्वतः दुरुस्ती उतरवली, तपासली, मिसळली. काटा चालला, पावती स्वच्छ आली. श्रीशैलनं ती उजेडाला धरून बघितली.

"चाचा, कंपनीला नको म्हणून कळवतो. ह्योच राहील."

दादामियाँ लई खूश झाले. फरहानाकडं वळून म्हणाले, "आता उद्याची दाखव. नुसती वाचतो."

फरहानानं पडद्यावरची यादी शेवटपर्यंत सरकवली. "वर आता काही न्हाय, अब्बा."

"एखादी बारीकशी?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

तौसिफ त्याआधीच्या रमजानमध्ये, सत्ताविसाव्या रोज्याला, वारला होता. दफन गावातच झालं. पहिली माती दादामियाँनी दिली.