भर दुपारी घरी

नृसिंह मास्तर पहाटेच्या जादा तासाला घर सोडायचे, ते दिवेलागणीनंतर वह्यांचा गठ्ठा घेऊनच परतायचे. बायको अंबिका अंथरुणाला खिळली, तरी मॅट्रिकच्या वर्गाचा एक तास त्यांनी चुकवला नव्हता.

आज शेवगावच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, आता औषध नावालाच. वहिनींना मात्र कळू देऊ नका."

परीक्षा तोंडावर होती. मास्तरांनी हेडमास्तरांचे अक्षरशः पाय धरून रजा मिळवली. भर दुपारी घरी आले, पेज केली आणि तोंडावर हसू आणून तिच्या उशाशी बसले.

"अहो, आज शाळा?"

"रजा काढली. म्हटलं, जरा तुझ्याजवळ बसावं."

अंबिकेनं पेजेची वाटी हळूच बाजूला सारली.

"किती दिवस म्हणाले डॉक्टर?"