सोबत नमुना

‘माझ्या लग्नाला आपण आला होतात. ते लग्न आता मोडलं आहे.’

मसाला विकायच्या पत्राची ही पहिली दोन वाक्यं वाचून जवरीलालांचा चहा बशीतच राहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाक्यं तीच होती. खाली त्यांच्या लेकीचं नाव होतं, चेलना, आणि धुळ्यातल्या घराचा पत्ता. मध्ये लिहिलं होतं की फारकतीचे कागद हाती आले आहेत, यापुढे मी माहेरीच राहणार आहे आणि कांदा-लसूण न घालता खान्देशी काळा मसाला करून विकते आहे. सोबत नमुना पाठवला आहे, चव आवडली तर कळवावं.

आता मसाल्याबद्दल जवरीलालांची काही तक्रार नव्हती. मसाला फर्मास होता. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन घरांत शेवभाजी म्हणजे नुसती लाल पाण्यात पडलेली शेव. चेलनाच्या मसाल्याने तिला तर्री यायची, वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तक्रार होती ती पाकिटांवरच्या पत्त्यांबद्दल. पोरीने माळ्यावरून स्वतःच्याच लग्नाच्या आमंत्रणांची यादी काढली होती. शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, पिंपळनेर, जळगाव. पंगतीत जेवून गेलेला बठ्ठा गोतावळा, एकजात सगळा. वर्षभर ज्यांच्यापासून लपवलं, नेमके तेच लोक!

आणि लपवलं म्हणजे काय साधंसुधं लपवलं? नवऱ्याने हात उचलला म्हणून चेलना सासरहून एकटी निघून आली, तेव्हा जवरीलालांनी सगळ्यांना सांगितलं की तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, ती सेवेला आली आहे. ऑपरेशन खरंच झालं. डोळाही महिन्याभरात बरा झाला. लेक मात्र परत जाईना, म्हणून बिचाऱ्या लाडकुंवरबाई अजून काळा चष्मा लावून फिरत होत्या. जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला बसायचं तर काळा चष्मा, भाजी घ्यायची तर काळा चष्मा. घरातसुद्धा, कोण कधी दारात येईल म्हणून. एक खोटं झाकायला माणसं काय काय करतात.

जवरीलाल वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. लोक काय म्हणतील या विचारात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही, तडजोड काढली. पहिली दोन वाक्यं गाळून टाक. खाली श्रेयांसचं नाव घाल. श्रेयांस म्हणजे चेलनाचा पुण्यात नोकरी करणारा धाकटा भाऊ, ज्याला दगडफूल आणि अंगणातला पाला यातला फरक कळत नव्हता. नाहीतर पत्रंच नकोत, सरळ व्हॉट्सॅपवर टाक, असंही त्यांनी सुचवून पाहिलं.

व्हॉट्सॅपवर मसाल्याचा वास जात नाही, चेलना म्हणाली. आणि वाक्यं गाळली तर काय होईल तेही तिने सांगितलं. पाकीट उघडलं की घरोघरी एकच चर्चा, ही माहेरी कशी? फोन येतील ते त्याच्याच चौकशीला. मसाला राहील ओट्यावर पडून.

“ती शंका मी पहिल्याच ओळीत संपवते, पप्पा. मग त्यांना मसाल्याशिवाय बोलायला काही उरत नाही.”

चारचौघांत नाक कापलं जाईल, जवरीलाल म्हणाले. हात उचलणाऱ्याचं कापलं गेलं नाही तर माझं का जाईल, असं तिने शांतपणे विचारलं. जवरीलालांनी बायकोकडे पाहिलं. लाडकुंवरबाई लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. त्यांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिकिटांचा कागद पुढ्यात ओढला.

“मला चांगलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “सांग गं, कुठे चिकटवायचं?”

जवरीलाल थोडा वेळ फुगून बसले. पण जन्मभर दुकान चालवलेल्या डोळ्यांना वेडीवाकडी बांधणी बघवत नाही. मसाल्याच्या पुड्या पाकिटात नीट बसत नव्हत्या. शेवटी तेच पुढे सरकले, पुड्या दाबून चपट्या करू लागले आणि पाकिटं बंद करून रचू लागले. सगळी पाकिटं जाडजूड. त्यात एक हाताला पातळ लागलं. त्यांनी पत्ता वाचला. प्रेमराजजी, किराणा व्यापारी, जळगाव. चेलनाचे सासरे.

बंद दाराआड झालेल्या फारकतीच्या बैठकीत याच प्रेमराजजींनी समाजाच्या चार पंचांसमोर सांगितलं होतं की या मुलीला साधी शेवभाजी जमत नाही, हिला घरात ठेवून करायचं काय. सगळे हसले होते. जवरीलाल बाप असून खाली मान घालून बसले होते, आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

त्यांनी पाकीट उघडलं. हे पत्र वेगळं होतं. लग्न मोडल्याची बातमी इथे द्यायची गरज नव्हती.

‘आदरणीय प्रेमराजजी, जय जिनेंद्र. सोबत नमुना पाठवलेला नाही. पाच वर्षं आपण हाच मसाला खाल्लात आणि दर वेळी वाटी पुन्हा पुढे केलीत. यापुढे विकत घ्यावा लागेल. चेलना.’

जवरीलालांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं. लाडकुंवरबाई तिकीट ओलं करून थांबल्या होत्या.

“याला तिकीट नको,” ते म्हणाले. “हे मी स्वतः नेऊन देतो. घरी नाही, त्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक उभं असेल तेव्हा.”