गळकी गुहा

चौऱ्याण्णव साली आखातातल्या बुसैतीनमध्ये आम्ही एका जुन्या इटालियन व्हिलाच्या ड्रॉइंगवरून बंगला बांधत होतो. मालकांची एकच अट होती, ड्रॉइंगमध्ये आहे तसंच हवं. ड्रॉइंगमध्ये एक गुहा होती आणि तिच्या छतातून थेंब थेंब पाणी गळायला हवं होतं. ते काम फोरमन शिवदासला मिळालं, कारण त्याने घातलेला एकही स्लॅब आजवर गळायचा राहिला नव्हता.

"गुहा गळली नाही तर तुझा व्हिसा खलास," आर्किटेक्टसाहेबांनी बजावलं.

"साहेब, गळतीचं टेन्शन तुम्ही घेऊच नका," शिवदास म्हणाला.

मालक पाहणीला येणार त्या सकाळी गुहा ठणठणीत कोरडी होती आणि बेडरूमचं छत थेंब थेंब गळत होतं.

"नझीरभाय, ड्राफ्ट्समन तुम्ही. आता तुम्हीच वाचवा," शिवदास रडकुंडीला आला.

मी ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची दोन नावं खरवडली आणि अदलाबदल करून पुन्हा लिहिली. मालकांनी ड्रॉइंग हातात धरून खोली न् खोली ताडून पाहिली आणि शिवदासचा व्हिसा आणखी दोन वर्षांसाठी वाढला.



मालक हल्ली गुहेत झोपतात आणि पाहुण्यांना कौतुकाने बेडरूम दाखवतात.