काकांचा कप्पा

"मॅडम, एक्स-रे सेव्हच होत नाहीयेत!" फोनवर तंत्रज्ञ ओरडत होता. "सर्जन खोळंबलेत. पेशंट टेबलावर आहे."

ती धावत सर्व्हर रूममध्ये आली. हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, सगळे रिपोर्ट ज्यात साठायचे, ते डिस्कचं उंच कपाट गार हवेत गुरगुरत उभं होतं. दिवे सगळे हिरवे. एकही डिस्क बिघडलेली नव्हती. कपाट फक्त गळ्यापर्यंत भरलं होतं. नव्या डिस्क आज येतील, उद्या येतील असं म्हणत खरेदी विभाग केव्हापासून झुलवत होता.

आता काहीतरी पुसायला हवं होतं, आणि पुसण्याजोगी एकच गोष्ट होती. स्क्रीनवर इतर कप्प्यांच्या खाली एक भलामोठा कप्पा दिसत होता. कुठल्याच कॉम्प्युटरला न जोडलेला, नुसता जागा अडवून बसलेला. नाव होतं, 'काका – हात लावू नये'.

काका म्हणजे तिचे पहिले साहेब. हे कपाट त्यांनीच उभं केलं होतं, एकेक डिस्क स्वतःच्या हाताने बसवून. ती नवखी होती तेव्हा ते तिला डोळे मिटून उभं करायचे आणि कुठली डिस्क कुरकुरतेय ते ओळखायला लावायचे. "डिस्क म्हणजे सासू गं," म्हणायचे, "बोलायची थांबली की घाबरायचं." त्यांच्या हाताखाली चूक झाली तर ओरडा बसायचा नाही, चहा मिळायचा. किती सुखाचे दिवस होते ते! काका गेले आणि या खोलीतलं हसणंही गेलं.

त्या कप्प्यावरून तिने दरवर्षी भांडण केलं होतं. नवे साहेब म्हणत, गेलेल्या माणसाची अडगळ किती दिवस सांभाळायची? ती बधली नाही. आत काकांचे फोटो असतील, कदाचित आवाजही असेल. तिने कधी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याच्या कपाटात डोकावू नये, हेही त्यांनीच शिकवलेलं. त्यांचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

फोन पुन्हा वाजला. तिने उचलला नाही. मालकाला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही, हा काकांचा धडा तिच्या अंगात भिनला होता. पण मालक तर गेलेला. मग तिने काकूंना फोन लावला.

"काकू, काकांचं काहीतरी आहे इथे, आमच्या मशीनवर. ते... ते पुसावं लागतंय." तिला रडू आवरेना. "मला माफ करा."

पलीकडे काकू चक्क हसल्या.

"किती वर्षं वाट बघतेय गं तुझ्या फोनची! पूस, बिनधास्त पूस. आत काही नाहीये. नुसती जागा अडवून ठेवलीय त्यांनी तुझ्यासाठी, अडीअडचणीला. मला बजावून गेलेत, पोरगी एक दिवस रडत फोन करेल, तेव्हा सांग."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, रिकामं आहे हे तिला कळलं, तर पहिल्याच वर्षी भरून टाकेल."