किल्ली घरातच

तिने इस्त्री लावली आणि पेटी बंद पडली.

"कितीदा सांगितलं, इस्त्री लावायच्या आधी मला विचार," म्हणत नवरा आतून धावत आला आणि चपलांच्या कपाटासमोर त्याने बसकण मारली. कपाटात आता चपला नव्हत्या. एक काळी पेटी होती, तिचा हिरवा दिवा होता आणि वायरींचं जंजाळ होतं. तो तिला सर्व्हर म्हणायचा, बाकी सगळे पेटीच म्हणायचे. चपलांची रवानगी दाराबाहेर झाली होती.

"झालं. धाकटीला लिहीत होते, अर्धा मेल गेला माझा," ती करवादली.

"काही जात नाही. लिहिता लिहिता शब्द न् शब्द पेटीत साठतो." हिरवा दिवा पुन्हा लागला, तसा तो बाळाला पहिला दात आल्यासारखा हरखला.

हे खूळ त्याच्या डोक्यात गेल्या वर्षी शिरलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायचं नाही. कंपन्या आपले मेल वाचतात, फोटो चाळतात, आपण कुठे जातो ते बघतात. "तू बूट शोधलेस की दुसऱ्या दिवशी बुटांच्या जाहिराती. लाज कशी वाटत नाही यांना?" असं तो उठता-बसता कानीकपाळी ओरडायचा. मग एकेक करून त्याने तिचं सगळं तिथून उपसून पेटीत आणलं. मेल आले, फोटो आले, फोनमधले नंबर आले. इंटरनेटवर काही शोधायचं तर तेही पेटीतूनच. "किल्ली आता घरातच," तो छाती फुगवून सांगायचा. किल्ली म्हणजे पासवर्ड. तो इतका लांबलचक होता, की तिने ऐकतानाच कानांवर हात ठेवले.

तेव्हापासून तिच्या नाकी नऊ आले होते. नव्या नकाशाने तिला एकदा बंद पुलापर्यंत नेऊन सोडलं. फोटो आडवे पडले. धाकटी बहीण नर्स होती, ड्युटीवर फोन घेता येत नसे, म्हणून दोघी एकमेकींना लांबलचक मेल लिहायच्या. तिने एकदा लिहिलं, "ताई, भाऊजींच्या पेटीपायी तुझे मेल माझ्याकडे कचऱ्याच्या खणात जाऊन पडतात. रोज कचरा उपसते तेव्हा बहीण सापडते."

धाकटीपाशीच तिने मन मोकळं केलं होतं. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. मालक दुसऱ्या गावात नवं दुकान उघडत होते आणि ते सगळंच्या सगळं तिच्या हातात द्यायला तयार होते. इतकी वर्षं ती ह्याचीच वाट बघत होती. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर हो असणार हे तिने जवळपास ठरवलं होतं. नवऱ्याला अजून काही बोलली नव्हती. बोलताना ज्याची मान कधी वर होत नाही, त्याला सांगून करायचं काय?

पण मधल्या काळात त्याची मान वर झाली.

एका संध्याकाळी त्याने गुडघ्यांना बांधायचे पट्टे आणले. "दिवसभर उभी असतेस. दुखत असतील." तिने घरात चकार शब्द काढला नव्हता. मग बूट आणले. तपकिरी, बुटक्या टाचेचे, बाजूला बक्कल असलेले, ती कितीतरी दिवस घेऊ की नको करत होती तस्सेच. परवा तर आईच्या आठवणीने तिचा जीव कासावीस झाला होता, आणि काल सकाळी हा आपणहून म्हणाला, "चार दिवस आईकडे जाऊन ये. मी बघतो घरचं."

"भाऊजी बदलून कुठे मिळतात?" धाकटीने विचारलं. "माझेही द्यायचेत."

"काय माहीत. मनातलं ओळखायला लागलेत," तिने लिहिलं, आणि लिहिताना तिला हसूही आलं आणि संतापही. हे शहाणपण दहा वर्षं आधी सुचायला काय झालं होतं? दगड होता तेव्हा निघणं सोपं होतं. आता ह्या माणसाला टाकून जायचं, तर आपणच दगड ठरणार. पेटीचा वैताग बाजूला राहिला, तिला स्वतःचाच वैताग यायला लागला.

शनिवारी दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. मालकांना लिहिलं, की सध्या घर सोडून येणं जमणार नाही. कारण लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एक ओळ घातली. पुढेमागे कधी संधी निघाली तर माझा विचार व्हावा, ही हात जोडून विनंती.

पुन्हा वाचताना तिचे डोळे भरून आले. बोट पाठवायच्या बटणाकडे जाईना. एवढ्या वर्षांची इच्छा अशी एका टिचकीत घालवायची म्हणजे काय? आधी घोटभर चहा घेऊ, मग पाठवू, असं म्हणून तिने लॅपटॉप मिटला, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात आली.

नवऱ्याने चहा आधीच टाकला होता. तिच्या कपात साखर कमी, तिला हल्ली लागते तशी. त्याने खुर्ची ओढून दिली, कप पुढे सरकवला आणि स्वतःच्या चहावर फुंकर घातली.

"छान लिहिलायस," तो म्हणाला. "फक्त शेवटचं ते हात जोडून वगैरे काढून टाक. उगाच लाचार वाटतं."