वळसा

पाहुण्यांकडे पाठ करायची नाही, हा गाइडचा पहिला नियम. म्हणून ती उलटी चालत होती. समोर परीक्षक साहेब, हातात गुणांचा तक्ता. त्यांच्या खांद्यावरून दिसत होता सासूबाईंचा चेहरा, आणि त्यांच्या कडेवर मूठ चोखणारं तिचं तान्हं पोर.

"ते मूल जरा लांब ठेवा," साहेब सुरुवातीलाच म्हणाले होते. "लोक राजधानी बघायला येतात. तुमचं घरदार नाही."

"अंगावर पितं साहेब, म्हणून आणलंय. आई धरतील त्याला."

सासूबाईंनी धरलं होतं, पण सुनेशी त्या सकाळपासून बोलल्या नव्हत्या. आरशासमोर ती पाठ म्हणत होती, तेव्हा त्यांनी एक वाक्य ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. तरी आल्या होत्या. तिचा नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडला होता; आज सुनेला गाइडचा बिल्ला मिळाला तरच घर चालणार होतं.

"माझ्या मागे, टेकाडावर, राष्ट्रप्रमुखांचं निवासस्थान. डावीकडे सर्वोच्च न्यायालय—"

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या... चुकलं साहेब. तुमच्या उजवीकडे."

"तुमच्या डाव्या-उजव्याशी देशाला काही देणंघेणं नाही, बाई. पुढे."

"त्या कोर्टात आम्ही चपला झिजवल्या रे बाळा," सासूबाई पोराला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "निकाल लागला, तेव्हा तुझे आजोबा उरले नव्हते."

तिनं आवाज चढवला. "तुमच्या डावीकडे मंत्रालयं. मागे संसद. तिची दोन सभागृहं. खालचं कायदा मंजूर करतं, वरचं तो तपासून घेतं."

"एक चावतं, एक गिळतं," सासूबाई म्हणाल्या. पोर खुदकन हसलं.

साहेब मागे वळले. "परीक्षा नक्की कोण देतंय?"

"त्या पोराशी बोलतायत, साहेब."

"बोलू द्या. तुम्ही सांगा. हा चौक बांधण्यापूर्वी इथे काय होतं?"

तिला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. उत्तरही ठाऊक होतं. सरकारी पुस्तिकेत एकच होतं. तिनं सासूबाईंकडे न बघायचा प्रयत्न केला. उलटं चालणाऱ्या माणसाला ते जमत नाही.

"ओसाड माळ, साहेब. वस्ती नव्हती."

सासूबाई पदरानं पोराची मूठ पुसत राहिल्या. त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"हं," साहेबांनी तक्त्यावर खूण केली. "आता कारंज्यापर्यंत चला."

ती निघाली. बोलता बोलता, मागे न बघता, तिची पावलं बाजूला सरकली. मोकळ्या फरशीवर तिनं अर्धगोल वळसा घातला आणि पुन्हा सरळ वाटेला लागली.

साहेब जागीच थांबले. "काय आहे तिथे?"

"कुठे साहेब?"

"जिथे तुम्ही पाय दिला नाहीत तिथे."

फरशी सगळीकडे सारखीच गुळगुळीत होती.

"काही नाही, साहेब."

"मग वळलात कशाला?"

लग्न झाल्यापासून ती बघत आली होती. नवरा इथे असाच वळायचा. नणंद वळायची. सासूबाई तर भर गर्दीत, लोकांचे धक्के खात वळायच्या. तिनं एकदाच विचारलं होतं, का वळता म्हणून. "बुजवली म्हणून विहिरीवर पाय देतं का कुणी?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "इथली आमची आख्खी वस्ती तिचं पाणी प्यायली." त्यानंतर तीही वळायला लागली होती. कधीपासून, ते तिलाही आठवत नव्हतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही त्या विहिरीवाल्यांपैकी तर नाही ना? आधीच सांगा. तसल्यांना बिल्ला देत नाही आम्ही. उद्या पाहुण्यांसमोर रडगाणं गाणार तुम्ही."

पोर तिच्याकडे झेपावून रडायला लागलं, आणि तिची चोळी दुधानं ओली झाली.

"कसली विहीर हो साहेब?" सासूबाई म्हणाल्या. "वेंधळी आहे ती. स्वयंपाकघरातसुद्धा अशीच वाकडी चालते. मी तर रोज बोंब मारते."

त्यांनी चपला काढल्या. पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी, सरळ, त्या जागेच्या मधोमध चालत आल्या. मध्ये कुठेतरी त्यांचं पाऊल अडखळलं. पण त्या थांबल्या नाहीत.

साहेब बघत राहिले. मग त्यांनी टोपण काढलं. "सवय मोडा ती," ते म्हणाले, काहीतरी लिहिलं आणि कारंज्याकडे चालू लागले.

सासूबाईंनी पोर तिच्या हातात दिलं. "घे. भुकेलंय."

"आई..."

"माझ्या चपला राहिल्यात पलीकडे."

पोराला छातीशी धरून ती चपला आणायला निघाली. पावलं आपोआप बाजूला सरकली, तसा सासूबाईंनी तिचा दंड धरला.

"सरळ जा," त्या म्हणाल्या. "ओसाड माळ आहे."